अपडाऊनचे कपडे

आमच्याकडे सरकारी नोकरी करणाऱ्या बऱ्याच जणांचे पत्ते दोन असतात. एक कागदावरचा, म्हणजे मुख्यालयी, नोकरीच्या गावी, राहतो तो. दुसरा खरा, जिथं बायको, गॅसचं कनेक्शन आणि पोरांची शिकवणी असते तो. या दोन पत्त्यांमधलं अंतर रोज कापायचं, याला यवतमाळ-वर्ध्याकडं अपडाऊन म्हणतात. "नोकरी कुठं?" "घाटंजीले." "अन् राहाले?" "राहाले यवतमाळ. अपडाऊन करतो." एवढ्यावर समोरच्याला माणसाची कुंडली कळते. एसटीची वेळ आणि कचेरीची वेळ यांचं जमत नाही, म्हणून हे अपडाऊन मोटारसायकलवर. आणि मोटारसायकल आली की सकाळी कपाटापुढं उभं राहून ठरवायचं, आज कपडे कचेरीसाठी घालायचे की रस्त्यासाठी.

कचेरीची बाजू शासनानं लेखी मांडलेली आहे. सामान्य प्रशासन विभागानं ८ डिसेंबर २०२० ला परिपत्रक काढलं : पुरुषांनी शर्ट-पँट, बायकांनी साडी किंवा सलवार-कुडता, गडद रंग नको, चित्रविचित्र नक्षी नको, टी-शर्ट नको, पायात स्लिपर नको, आणि शुक्रवारी शक्यतो खादी. मग मार्च २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागानं मास्तरांसाठी वेगळा निर्णय काढला. त्यात पुरुष शिक्षकांना फिका शर्ट, गडद पँट आणि शर्ट खोचलेला, असं सांगितलं. दोन्ही कागद मी नीट वाचले. वाटेचा उल्लेख कुठंच नाही. कर्मचारी पावणेदहाला खुर्चीत आपोआप उगवतो आणि सव्वासहाला तिथंच मावळतो, असं धरून सगळं लिहिलेलं.

फिका शर्ट आणि गडद पँट ही जोडी ज्यानं सुचवली त्यानं आमचा रस्ता पाहिलेला नसावा. यवतमाळ म्हणजे कपाशीची काळी जमीन. काळा पाषाण, म्हणजे बसॉल्ट, झिजून झालेली ही माती. तिच्यातल्या चिकणमातीला पाणी मिळालं की ती फुगते, सुकली की भेगाळते. ओल धरून ठेवते म्हणून पऱ्हाटीला मानवते. शर्टालाही ती तशीच धरून बसते. श्रावणात पुढच्या ट्रॅक्टरच्या चाकानं उडवलेला गारा, म्हणजे चिखल, फिक्या शर्टावर बसला, तर तो ओला असताना अजिबात पुसायचा नाही. वाळू द्यायचा, मग नखानं खरडायचा आणि वरून हात झटकायचा. नवीन बदलून आलेला माणूस घाईनं ओला रुमाल फिरवतो आणि दिवसभर छातीवर काळं तळं मिरवतो. उन्हाळ्यात याच्या उलट. रस्त्याच्या कामाची नाही तर क्रशरची गिट्टीची भुकटी हवेत असते, आणि गडद पँटीवर मांडीपासून घोट्यापर्यंत पांढरा थर चढतो. म्हणजे वरचं कापड पावसाळ्यात वाया, खालचं उन्हाळ्यात. आमच्या वाटेवरच्या कळंबच्या पुढं गेलं की सगळे कर्मचारी राखी, बदामी नाही तर मेंदी रंगाचे का दिसतात, हे बाहेरून आलेल्या साहेबांना उगाच कोडं वाटतं.

शिंप्याला मात्र हे सगळं ठाऊक असतं. माझा टेलर माप घेताना आधी विचारतो, "गाडीवर जाता न भाऊ?" हो म्हटलं की टेप दीड बोट खाली सोडतो. "उभ्या मापाची पँट बसल्यावर आखूडच होते." खरं आहे. गुडघा वाकला की पँट वर चढते, मोजे दिसतात, मोज्यांच्या वर नडगी दिसते आणि नडगीला वारा झोंबतो. म्हणून अपडाऊनवाल्याची पँट उभं असताना बुटावर थोडी गोळा होते. मोहरी फार रुंद चालत नाही, फडफडते. शर्टाची लंबाई मागून जास्त ठेवावी लागते, कारण हँडलकडं वाकलं की खोचलेला शर्ट आधी पाठीकडून सुटतो. ज्या गाडीचा गिअर खालून वर उचलावा लागतो, तिच्यावर डाव्या बुटाच्या वरच्या चामड्याला काळा घट्टा पडतो. चपराशीसुद्धा तो बूट पाहून सांगेल, हे साहेब गाडीवर येतात. बसून बसून पँटीचं बूड चकाकतं ते वेगळंच. टेरिकॉट जास्त चकाकतं. पांढरं सोनं पिकवणाऱ्या जिल्ह्यात आम्ही टेरिकॉट घालतो, कारण ते चुरगळत नाही आणि रात्री धुऊन सकाळी वाळतं. इस्त्रीचा विषय मी कधीच सोडून दिला. पाठीवर बॅग, छातीवर वारा आणि कुशीत डबा असताना इस्त्री कळंबपर्यंत टिकली तरी खूप.

त्या परिपत्रकातली एकच गोष्ट मला मनापासून पटली, ती शुक्रवारची खादी. ज्यानं लिहिली त्यानं बहुधा मोटारसायकलचा विचार केला नसेल, पण गाडीवर खादीसारखं दुसरं कापड नाही. घाम पिते, वाऱ्याला अडवत नाही, आणि मुख्य म्हणजे सुरकुती पडली तर ती खादीचीच समजली जाते. गाडीवर चुरगळलेला टेरिकॉटचा शर्ट गबाळा दिसतो; तसाच चुरगळलेला खादीचा शर्ट विचारवंताचा दिसतो. वर्धा शेजारी आहे, सेवाग्राम तासा-दीड तासावर आहे, खादी मिळायला अडचण नाही. अडचण फक्त किमतीची.

पण विदर्भात ज्या कपड्यानं नोकऱ्या टिकल्या तो शर्टही नाही आणि पँटही नाही. तो दुपट्टा. सुती, दोन मीटरच्या आसपास, शक्यतो पांढरा, धुऊन धुऊन मऊ झालेला. नवा दुपट्टा कामाचा नसतो. त्याची खळ घामात उतरून गालाला चिकटते. बांधायची रीत अशी : मधला भाग कपाळावर, भुवयांच्या वर एक बोट. दोन्ही टोकं मागं नेऊन मानेवर फुली. डावं टोक कानावरून पुढं घ्यायचं, नाकातोंडावरून नेऊन उजव्या कानाशी खोचायचं. उजवं टोक गळ्याला एक वेढा देऊन मागं गाठ. डोळे उघडे, त्यावर गॉगल. मग हेल्मेट. हेल्मेट कायद्यानं लागतं, २०१९ च्या दुरुस्तीनं कायद्यात दंड हजार रुपये केला; दुपट्टा कोणत्याच कायद्यात नाही, तरी तो न बांधता मे महिन्यात निघालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारतात, एवढ्या उन्हात आणखी कापड गुंडाळता? त्यांना वाटतं बाह्या वर कराव्यात, वारा लागू द्यावा. वाऱ्याचा हिशेब असा, की आपल्या कातडीचं तापमान ३४-३५ अंशांच्या घरात असतं. हवा त्याहून गार असेल तोवर वारा लागला की बरं वाटतं. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, दुपारची हवा ४५ च्या आसपास असते. नागपुरात २३ मे २०१३ ला ती ४७.९ ला गेली होती. अशा हवेत गाडी जितकी जोरात हाकाल तितका वारा अंगावर उष्णता आणून ओततो. म्हणून उन्हाळा जितका कडक तितकं अंग जास्त झाकायचं : फुल बाह्या, कफाची बटणं लावलेली, हातमोजे, मोजे. दुपट्टा पाण्यात बुडवून, पिळून बांधला तर पहिले सात-आठ किलोमीटर तोंडावर घरच्या कूलरची ताटी लावल्यासारखं वाटतं. आमची हवा कोरडी असल्यानं पाणी भराभर उडतं आणि जाताना गारवा देऊन जातं. मग तो वाळतो. मग पुढच्या बोअरवेलची वाट पाहायची. आई वरून शर्टाच्या खिशात कांदा टाकते, ऊन लागू नये म्हणून. कांद्यानं काय होतं हे मला माहीत नाही. दुपारी तीनला टिपणी लिहिताना खिशातून वास येतो, एवढं नक्की होतं.

आमचा रस्ता जाताना पूर्वेला आणि येताना पश्चिमेला जातो, म्हणजे सूर्य दोन्ही वेळा तोंडावर. याचा एक सामाजिक परिणाम असा झाला, की ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं रोज जातो त्यांचे चेहरे ठाऊक नाहीत. ओळख दुपट्ट्यावर आणि नंबरप्लेटवर. मागं एका लग्नात सफारी घातलेल्या गृहस्थांनी जोरात रामराम घातला, मी नुसताच हसलो. त्यांनी दोन्ही पंजे नाकातोंडावर धरून फक्त डोळे दाखवले. "अरे, बँकवाले भाऊ!"

बायकोची शाळा त्याच रस्त्यावर, फाट्यापासून थोडी आत. ती मागं बसते. तिच्या कपड्यांचं गणित माझ्याहून अवघड : सलवार-कुडता, त्यावर ओढणी, त्यावर पांढरा सनकोट, त्यावर स्कार्फ, हातमोजे आणि हेल्मेट. शाळेत कार्यक्रम असला की साडी. साडीच्या दिवशी निऱ्या सनकोटात कोंबायच्या, पदर कमरेला खोचायचा, आणि तरी माझं अर्धं लक्ष आरशात, पदर बाहेर लोंबतोय का यावर. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम सांगतो, की मागं बसणाऱ्यासाठी धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी हवी. त्याला आपण साडीगार्ड म्हणतो आणि नव्या पोरांना ते काढून टाकायची घाई असते. मोटारसायकलवरचा माणूस अंगात काहीतरी घालून बसलेला असतो, हे ज्या सरकारी कागदाला सुचलं असा मला तो एकच सापडला.

तिच्या टिकलीची मात्र कोणत्याच नियमात सोय नव्हती. स्कार्फ सोडला की टिकली स्कार्फाबरोबर यायची आणि वर्गात पोरं सांगायची, "मॅडम, टिकली त गालावर हाये." आता ती निघताना कपाळावरची टिकली काढून गाडीच्या उजव्या आरशाच्या कडेला लावते, आणि शाळेच्या फाटकाशी उतरून, त्याच आरशात पाहून परत कपाळावर. एखाद्या दिवशी विसरते. मग मी ती टिकली घेऊन कचेरीत पोचतो आणि लोक आरशाकडं पाहून माझी चौकशी करतात.

पावसाळ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, रेनकोट गळतो एवढंच. कितीही महाग घ्या, पाणी मांडीवर साचतं आणि बरोबर बसण्याच्या शिवणीतून आत शिरतं. ओली जागा अशी असते की भर कचेरीत तिचं कारण सांगता येत नाही. म्हणून जुनेजाणते पहिला अर्धा तास उठतच नाहीत. "बसा न भाऊ, कायची घाई आहे," म्हणत समोरच्यालाच फाइल आणायला लावतात. बूट पन्नीत गुंडाळून डिकीत, पायात रबरी सँडल, पोचल्यावर अदलाबदल. हिवाळा त्यामानानं सोपा : स्वेटरच्या आत छातीवर कालचा पेपर, कानाला टापर, आणि सोयाबीन निघायच्या दिवसांत हेल्मेटची काच खाली, नाही तर मळणीयंत्राचा भुसा डोळ्यात.

कचेरीत पोचलं की हे सगळं उतरवायचं. दाराच्या मागं खिळे आहेत आणि प्रत्येकाचा खिळा ठरलेला आहे. सनकोट, दुपट्टे, हेल्मेटं, उन्हाळा सोडला तर रेनकोट. पाच मिनिटांत सगळे परिपत्रकाप्रमाणे होऊन बसतात. फक्त हात राहतात. उन्हाळाभर हातमोज्यांशिवाय गाडी चालवणाऱ्याची बोटं काळी आणि कफाच्या आतला हात गोरा, मध्ये रेघ मारल्यासारखी सीमा.

एका उन्हाळ्यात जिल्ह्याहून तपासणीला साहेब आले. एसी गाडीतून उतरलेले, शर्टाची इस्त्री तुटलेली नाही. हजेरीपट पाहिला, जावक रजिस्टर पाहिलं, आणि मग मुख्यालयाचा विषय निघाला. "सगळे इथंच राहता ना?" "हो जी." सगळ्यांच्या माना हलल्या. साहेबांनी आमच्या वरिष्ठ सहायकांच्या हाताकडं पाहिलं. त्यांनी हात टेबलाखाली घेतला. "एवढं उन्हात कुठं फिरता?" "शेतात जातो न साहेब, सुट्टीच्या दिवशी." साहेब काही बोलले नाहीत. अभिप्राय लिहिला, चहा घेतला. बाहेर साडेपाचचं ऊन चांगलंच तापलेलं होतं. निघताना दारामागच्या खिळ्यांवरचे दुपट्टे दिसले, तसे थांबले. एक हातात घेऊन बोटांत चोळून पाहिला.

"कापड चांगलं आहे. मलाही हवा होता एक. कुठं मिळतो?"

आणि तिघं-चौघं एकदमच बोलून गेले, "यवतमाळले, साहेब. दत्त चौकात."