श्वास पुन्हा शिकवायला घेतला

करोनात आमच्या प्रथमोपचाराच्या वर्गातून एक गोष्ट गेली ती सहजासहजी परत येईना. श्वास किंवा हृदय थांबलेल्या मोठ्या माणसाला तोंडाने श्वास देणं. मॅनिकिनपुढे, म्हणजे सरावाच्या पुतळ्यापुढे, बसवलं की भलेभले कामगार छातीवर दाब जोरात देतात आणि श्वासाची पाळी आली की माझ्याकडे बघतात, “मॅडम, हे आता बंद झालंय ना?”

बंद झालं होतं ते काही काळापुरतं. एप्रिल 2020 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने सांगितलं, सामान्य माणसाने मोठ्यांना फक्त छातीवर दाब द्यावा. भारतात तर भूलतज्ज्ञांनी 2017 पासूनच सामान्यांसाठी फक्त दाबांची पद्धत सुचवली आहे, आणि मला ती पटते. चालताबोलता कोसळलेल्या माणसाच्या रक्तात पहिली काही मिनिटं प्राणवायू शिल्लक असतो. तो मेंदूपर्यंत पोचवत राहणं हे पहिलं काम.

विहिरीतून काढलेल्याचं तसं नसतं. त्याचा प्राणवायू आधीच संपलेला असतो, हृदय थांबतं तेच त्यापायी. म्हणून तिथे सुरुवातच श्वासाने करायची, मग 30 दाब, 2 श्वास. मण्यार चावलेल्याची गोष्ट आणखी वेगळी. त्याचे श्वासाचे स्नायू लुळे पडतात, हृदय मात्र चालू असतं. दवाखाना गाठेपर्यंत त्याला कुणीतरी श्वास देत राहिलं तर तो वाचू शकतो. आपल्या जिल्ह्यांत विहिरी, शेततळी, मण्यार सगळंच आहे. जीवरक्षक आणि सर्पमित्र यांना तरी श्वास देता यायलाच हवा, यावर मी ठाम आहे.

परवाच्या बॅचमध्ये तरणतलावावरचा एक तरुण जीवरक्षक होता. करोनात नोकरीला लागलेला, त्यामुळे श्वास कधी शिकलेलाच नाही. दाब सुरेख, पाच-सहा सेंटिमीटर खोल, लयही पक्की. श्वास द्यायला वाकला आणि गाल फुगवून सगळा जीव ओतला. छाती ढिम्म. हवा ओठांच्या कडेने फुसफुसत बाहेर. मी त्याचा एक तळवा मॅनिकिनच्या कपाळावर ठेवला, दुसऱ्या हाताची दोन बोटं हनुवटीच्या हाडाखाली, आणि डोकं मागे कलवायला लावलं. मग नाक चिमटीत, ओठ घट्ट, बेताचा श्वास, जेमतेम एक सेकंद. छाती वर आली.

“एवढासाच?”

एवढासाच, दादा. जास्त फुंकलं तर हवा पोटात जाते आणि उलटी होते. आपण सोडलेल्या हवेतही सुमारे 16 टक्के प्राणवायू असतो, तो पुरतो. दोन्ही श्वास मिळून दाब दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबता कामा नयेत, एवढं सांभाळायचं.

संसर्गाची भीती खोटी नाही, तिला मी हसण्यावारी नेत नाही. आता प्रत्येकाला स्वतःचं फेस शील्ड, म्हणजे मॅनिकिनच्या तोंडावर अंथरायचा पातळ पडदा, देते, मॅनिकिनची फुप्फुसाची पिशवी वर्ग संपला की बदलते, चेहरा प्रत्येकानंतर पुसते. खऱ्या वेळेसाठी पॉकेट मास्क असतो, रुग्णाच्या नाकातोंडावर बसवून श्वास द्यायचा; त्याच्या व्हॉल्व्हमुळे हवा आपल्याकडे उलटी येत नाही. मास्क नाही किंवा मन धजत नाही, तर नुसता दाब द्या, पण थांबू नका आणि 108 ला फोन लावायला कुणाला तरी पिटाळा.

एका तलावावर हा मास्क ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद सापडला. किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर दुपारी जेवायला घरी. पाण्याच्या कडेला, लाइफबॉयच्या (बुडणाऱ्याकडे फेकायच्या तरंगत्या कड्याच्या) शेजारच्या खिळ्यावर तो टांगा म्हणून मी लेखी दिलं आहे. पुढच्या आठवड्यात तिथे जाऊन बघणार आहे.