आमची वाटचाल: उद्यमनगरातलं शेड आणि तीन रकान्यांची वही

1994 साली दहावी झाली आणि मामांनी मला कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, त्यांच्या गॅरेजात आणून उभं केलं. पहिलं दीड वर्ष हातात पाना आला नाही. रॉकेलच्या डब्यात नट-बोल्ट धुवायचे आणि लेथवाल्याकडे हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, पोचवायचं, एवढंच. पण उद्यमनगरात शिकायचा फायदा असा, की सिलिंडर बोअर करणारा, हेड घासून सपाट (प्लेन) करणारा, बुश ओढून देणारा, सगळे हाकेच्या अंतरावर. त्यांच्या दारात उभं राहूनच मी निम्मं काम शिकलो.

2003 मध्ये स्वतःचं पत्र्याचं शेड घेतलं. भाडं महिना 1800. एक जॅक, पान्यांचा एक सेट आणि मामांनी दिलेला जुना व्हाइस. तेव्हा निम्म्याहून जास्त गाड्या मारुती 800 असायच्या. 796 सीसी, तीन सिलिंडर, बॉनेट उघडलं की सगळं डोळ्यांसमोर. गिऱ्हाईक बहुतेक सेकंडहँड गाडी घेतलेलं. सगळी शिल्लक गाडीत घालून आलेल्या माणसाला आणखी चार हजारांचं काम कसं सांगायचं, ही माझी खरी अडचण होती. गाडीची नव्हे.

त्या भिडेचा फटका 2008 मध्ये बसला. गावाकडच्या एका गुरुजींनी 2002 मॉडेलची 800 घेतली होती. रेडिएटर गळत होता, तो झाळून दिला. पंखा उशिरा लागतोय हे मला दिसलं होतं. पंख्याचा स्विच काही महाग नव्हता, पण ‘आला की नवीन खर्च काढतो’ असं त्यांना वाटेल म्हणून गप्प बसलो. ते कोकणात गेले. परत येताना करूळ घाट चढताना काटा लालमध्ये गेला, आणि गगनबावडा जवळच आहे म्हणून त्यांनी तशीच रेटली. ऑइलची काठी बाहेर काढली तर दुधाळ चहा! पाणी ऑइलमध्ये उतरलं होतं. हेड वाकलं, त्याच्याखालचं पॅकिंग गेलं. हेड प्लेन, पॅकिंग, ऑइल, कूलंट धरून त्या काळात 7200 रुपये. मी मजुरी घेतली नाही, सामानाचे निम्मे पैसे भरले. गुरुजी एवढंच म्हणाले, “सांगायचं होतंस रे. ऐकून मी नको म्हटलं असतं, ते वेगळं.”

दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही आणली. प्रत्येक गाडीला एक पान, पानावर तीन रकाने: ‘आज’, ‘पावसाळ्याआधी’ आणि ‘राहू दे’. समोर रक्कम. काम कुठलं करायचं ते गिऱ्हाईकानं ठरवायचं, पण दिसलेलं सगळं मी लिहायचं.

लहान गाड्यांचे आमचे सध्याचे दर सांगतो. दुसरीकडे थोडे पुढे-मागे असतील. ब्रेक नेहमी ‘आज’मध्ये: पुढचे पॅड, मागचे शू आणि सिलिंडर गळत असेल तर तोही, साधारण 2500 ते 3500. जुन्या 800 सीसी इंजिनाचा टायमिंग बेल्ट, म्हणजे झडपांची वेळ सांभाळणारा पट्टा, तोही तिथंच. विकणारा सांगतो, “आत्ताच बदललाय.” बिल दाखवा म्हटलं की विषय बदलतो. बिल नसेल तर मी बेल्ट बदलूनच देतो. क्लच घसरत असेल, म्हणजे चढाला इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी पुढं सरत नाही, तर प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी धरून 5000 ते 6000. तो महिनाभर ढकलता येतो, पण घाटात जायचं नाही.

‘पावसाळ्याआधी’चा माझा लाडका विषय म्हणजे एक्सलचा रबरी बूट, चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या जॉइंटवरचं आवरण. फाटला तर सातशे-आठशेत काम होतं. दुर्लक्ष केलं की ग्रीस उडून जातं, माती-पाणी आत शिरतं, वळण घेताना कटकट सुरू होते आणि मग तीन-चार हजारांचा जॉइंट. खड्ड्यातला खडखडाट बहुधा लिंक रॉड आणि लोअर आर्मच्या बुशचा, दोन्ही बाजू 3000 ते 4000. लोक मात्र शॉकअप गेले म्हणूनच येतात.

निळा धूर निघाला, म्हणजे इंजिन ऑइल जाळत असेल, तर मी वही बाजूला ठेवून बसायला खुर्ची देतो. नुसती व्हॉल्व्ह सील असतील तर सुटलो. पिस्टनच्या रिंगा, बोअरपर्यंत गेलं की 25 ते 35 हजार. लाखाच्या गाडीला एवढं घालायचं का, हे मी ठरवत नाही. विचारलंच तर, विका म्हणतो.

मध्यंतरी इंजेक्टरच्या गाड्या वाढल्या, डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा आमच्यावर डोळे वटारायला लागला. 2014 मध्ये कर्ज काढून गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाड वाचणारा स्कॅनर घेतला, तेव्हा घरी दोन दिवस अबोला होता. आता हिशेब बायकोच सांभाळते आणि स्कॅनरही तिच्याच कपाटात असतो.

2019 च्या महापुरात पंचगंगेनं 43 फुटांची धोका पातळी कधीच मागे टाकली होती. पाणी ओसरलं आणि दोन-तीन महिन्यांत स्वस्त, चकाचक गाड्या बाजारात आल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की गाळाची रेघ दिसायची. कार्पेटखाली हात घातला की बारीक पोयटा, वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवट बुरशी. तेव्हापासून गाडी घेण्याआधी तपासून देण्याचे 700 रुपये घेतो. तपासणीनंतर बरेच जण गाडी घेतच नाहीत, म्हणजे आमचंही पुढचं काम गेलं. एजंट लोक शेडवरून जाताना बघत नाहीत.

आज आम्ही पाच जण आहोत. त्यातली दोन पोरं आयटीआयची, आणि त्यांना पाना पहिल्याच दिवशी दिला.

गुरुजींची 800 अजून येते. 2017 ला पंधरा वर्षं झाली तेव्हा एकदा पासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, झालं. पाच वर्षांनी पुन्हा वेळ आली, तर एप्रिल 2022 पासून फी सहाशेची पाच हजार झालेली. गुरुजींनी वही मागून घेतली आणि चष्मा लावून आपलं पान पूर्ण वाचलं. ‘आज’मध्ये फक्त पुढचे पॅड होते. पासिंग झालं. 2011 साली लिहिलेला एसी अजून ‘राहू दे’मध्येच आहे.