टाळ्या वाजवून झाल्या की वर बघा

आज विजापूर. गोलघुमटाच्या सज्जात सगळे करतात तेच आम्हीही केलं: टाळ्या, हाका, कुणाचं तरी "आईऽऽ". दहा मिनिटांत कान किटले. खाली येऊन मुहम्मद आदिलशहाच्या (मृत्यू १६५६) कबरीपाशी नुसती वर बघत राहिले आणि खरी गंमत तेव्हा कळली.

दालन चौरस, बाजू साधारण ४१ मीटर. घुमट गोल, आतून व्यास जवळजवळ ३८ मीटर. मध्ये एकही खांब नाही! मग चौकोनावर गोल बसवला कसा? तर आठ कमानी एकमेकींना छेदत जातात. कागदावर काढल्या तर दोन चौरस दिसतात, एकावर दुसरा ४५ अंशांत फिरवलेला. आठ टोकांचा तारा. त्याच्या पोटातला अष्टकोन वर्तुळाच्या किती जवळचा! हाच तारा स्पेनमधल्या ग्रॅनाडाच्या अलहम्ब्रा राजवाड्यातल्या फरशांवरही आहे.

लॉजवर आल्या आल्या लेकीने कंपासपेटी काढली. कोनमापक लागलाच नाही म्हणे, कर्कटक आणि पट्टी पुरली. आत्तापर्यंत वहीची चार पानं ताऱ्यांनी भरलीत. भूमितीचा गृहपाठ मात्र तसाच पडलाय.