घाट उतरताना बसणारे दडे

मी साताऱ्यात कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रिया करतो. कानाला नाकाच्या मागच्या भागाशी जोडणाऱ्या युस्टेशियन नळीत फुगा फुगवून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेविषयी रुग्णांशी बोलताना मला एक दिवस हमखास आठवतो. त्या दिवशी सकाळी मी एका गृहस्थांवर ही शस्त्रक्रिया केली आणि दुपारी तीच शस्त्रक्रिया मागायला आलेल्या एका बाईंना ठाम नकार दिला. दोघांची तक्रार एकाच शब्दांत होती: कानाला दडे बसतात.

सकाळचे रुग्ण एसटीत वाहक होते आणि वाई-पाचगणी मार्गावर त्यांची ड्यूटी असे. पसरणीचा घाट चढताना त्यांना फारसे काही होत नसे; उतरताना मात्र उजवा कान गच्च होई, ठणकू लागे आणि वाईचा स्टँड आला तरी मोकळा होत नसे. मागच्या सीटवरचा प्रवासी कोणत्या गावाचे तिकीट मागतो आहे ते ऐकू येत नाही आणि दोनदा विचारले की लोक चिडतात, हे त्यांचे खरे दुःख होते. मध्यकर्णापासून, म्हणजे कानाच्या पडद्यामागच्या पोकळीपासून, नाकाच्या मागच्या पोकळीपर्यंत जाणारी ही सुमारे साडेतीन सेंटीमीटर लांबीची नळी एरवी मिटलेली असते आणि गिळताना किंवा जांभई देताना टाळूच्या स्नायूंच्या ओढीने क्षणभर उघडते. चढताना मध्यकर्णातली जास्तीची हवा नळीतून आपसूक बाहेर पडू शकते. उतरताना मात्र बाहेरचा दाब वाढतो आणि नळी नीट उघडली तरच हवा आत शिरते. ती उघडली नाही, तर पडदा आत ओढला जातो. चढणीला आराम आणि उताराला त्रास, एवढ्यावरूनच माझा संशय नळीकडे गेला होता.

तरीही थेट शस्त्रक्रियेकडे जाणे योग्य नव्हते. प्रौढ माणसाचा एकच कान असा धरून राहत असेल, तर नाकातून दुर्बीण घालून नळीच्या तोंडाशी गाठ नाही ना, हे पाहिल्याशिवाय मी पुढचे काहीही सुचवत नाही. तिथली गाठ अनेकदा आधी कानाच्याच तक्रारीने ओळख देते. त्यांच्याकडे गाठ नव्हती, पण नळीच्या तोंडाशी सूज होती आणि धुळीच्या ॲलर्जीचा जुना इतिहास होता. कित्येक आठवडे नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा आणि ॲलर्जीची औषधे दिली. त्याआधी दुसरीकडे त्यांच्या पडद्यात ग्रोमेट बसवलेले होते. ती बारीक नळी पडद्यात होती तोवर कान मोकळा राहिला, काही महिन्यांनी ती आपोआप गळून पडली आणि दडे परत आले. यात कोणाचीही चूक नव्हती. ग्रोमेट हवेला पडद्यातून पर्यायी वाट देते, मूळ नळी दुरुस्त करत नाही. टिंपॅनोग्राममध्ये, म्हणजे मध्यकर्णातला दाब दाखवणाऱ्या आलेखात, तो दाब अजूनही ऋणच, म्हणजे बाहेरच्यापेक्षा कमी दिसत होता.

शस्त्रक्रियेच्या सकाळी त्यांनी विचारले, "डॉक्टर, घरी जाताना कान मोकळा असेल ना?"

मी त्यांच्या पत्नीलाही जवळ बोलावले आणि दोघांना सांगितले, "बहुतेक नसेल. थोडे दिवस कान उलट जास्त भरल्यासारखा वाटेल, नाकातून लालसर पाणी येईल, घसा दुखेल. सहा आठवड्यांच्या आत निकाल ठरवू नका." अमेरिकेत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात फुगा वापरलेल्यांपैकी सुमारे ५२ टक्के रुग्णांचा टिंपॅनोग्राम सहा आठवड्यांनी पूर्ववत झाला, तर केवळ औषधांवर ठेवलेल्यांत हे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. फरक मोठा आहे, पण निम्म्यांच्या आसपास रुग्णांचा आलेख त्या मुदतीत पूर्ण सुधारत नाही, हेही त्याच आकड्यांत आहे. हे आकडे मी प्रत्येकाला सांगतो, कारण अवास्तव आशा घेऊन टेबलावर आलेला माणूस थोडी सुधारणा झाली तरी फसवणूक झाली असेच समजतो.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया लहान असते. भूल दिल्यावर नाकात औषधात भिजवलेल्या पट्ट्या ठेवून अस्तर आकसू दिले आणि मग दुर्बिणीने नळीच्या तोंडाशी पोहोचलो. त्याच्या मागचा कूर्चेचा उंचवटा सुजून इतका पुढे आला होता की फट जेमतेम दिसत होती. मिटलेला फुगा तिच्यातून हळूच सरकवला. इथे जोर लावायचा नसतो. फुगा नळीच्या कूर्चेच्या भागातच ठेवायचा असतो, कारण पुढच्या हाडाच्या भागालगत मेंदूकडे जाणारी मोठी रोहिणी असते. सलाइन भरत दाब १२ ॲटमॉस्फिअरपर्यंत नेला आणि दोन मिनिटे तसाच ठेवला. फुगा रिकामा करून बाहेर काढल्यावर त्या फटीच्या जागी रुंद, किंचित रक्ताळलेले तोंड दिसले. पडद्याला हात लागला नाही, बाहेरून एकही टाका पडला नाही. संध्याकाळी ते घरी गेले. जाताना निक्षून सांगितले ते एवढेच: काही दिवस नाक जोरात शिंकरायचे नाही आणि शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, नाहीतर हवा ऊतींमध्ये शिरून चेहरा किंवा मान सुजू शकते.

दुपारी आलेल्या बाई शिक्षिका होत्या आणि या शस्त्रक्रियेविषयी ऐकूनच आल्या होत्या. वर्गात शिकवताना स्वतःचाच आवाज कानात घुमतो, श्वाससुद्धा ऐकू येतो, आडवे पडले की बरे वाटते, असे त्या म्हणाल्या. आजारपणात त्यांचे वजन बरेच घटले होते. कानात दुर्बीण धरून त्यांना एका नाकपुडीने खोल श्वास घ्यायला सांगितला, तेव्हा पडदा प्रत्येक श्वासाबरोबर आतबाहेर हलताना स्पष्ट दिसला. त्यांची नळी बंद नव्हती, ती मिटतच नव्हती. अशा नळीत फुगा फुगवणे म्हणजे दुखणे वाढवणे. कान भरलाय असे समजून त्या नाक मोकळे करणारे थेंब रोज घालत होत्या, तेही अस्तर आकसवून त्रासात भरच घालत होते. थेंब बंद केले, सलाइनचे थेंब आणि भरपूर पाणी सुचवले आणि वजन पूर्ववत करण्यासाठी आहाराविषयी बोललो. त्या थोड्या नाराज होऊनच उठल्या. त्यांची नाराजी मला समजत होती. उपाय सापडला असे वाटत असताना तो आपल्यासाठी नाही हे ऐकणे कठीणच असते. पण त्या दिवशी मला सर्वांत जास्त समाधान कशाचे वाटले असेल, तर त्या नकाराचे.

वाहक सहा आठवड्यांनी आले. टिंपॅनोग्राम जवळजवळ पूर्ववत होता. घाट उतरताना अजूनही एक-दोनदा आवंढा गिळावा लागतो, पण वाईला पोहोचेपर्यंत कान मोकळा झालेला असतो, असे त्यांनी सांगितले. मध्येच सर्दी झाली तेव्हा चार दिवस दडे परत बसले होते आणि ते घाबरले होते. सर्दीत तसे होऊ शकते हे समजावून मी फवारा चालू ठेवायला सांगितला आणि सहा महिन्यांनी पुन्हा श्रवणतपासणीसाठी बोलावले.