परसातले दहा मीटर : नव्या बंदुकीचे पहिले ३०० छर्रे

बेलापूर गावातल्या आमच्या जुन्या घराचा परस भिंतीपासून ओट्यापर्यंत साडेअकरा मीटर भरतो. नेमाचे दहा मीटर, उरलेल्यात मी. एवढ्या भांडवलावर दसऱ्याला ब्रेक-बॅरल एअरगन घेतली, म्हणजे नळी वाकवून आतली स्प्रिंग ताणायची छर्ऱ्यांची बंदूक. ०.१७७ बोअर, म्हणजे नळीचं भोक साडेचार मिलिमीटर. ऊर्जा २० जूलच्या आत, त्यामुळे २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना नको. दुकानदाराने आधारची प्रत मात्र ठेवून घेतली.

बंदूक उघडण्याआधी छर्रे अडवायला खोकं केलं. फळ्यांच्या पेटीत जुन्या गोधड्या कोंबल्या, मागे तिरका लोखंडी पत्रा, त्यामागे घराची भिंत. पाखरं, मांजरं, शेजारच्यांचे माड यांच्यावर नेम नाही, हे घरात आधीच कबूल करून टाकलंय.

पहिल्याच बाराला नळीतून धूर आला आणि आवाज सुतळी बॉम्बसारखा. कपडे वाळत घालणारी काकी ओरडली, "दिवाली आली काय रं?" प्रकार साधा आहे. कारखान्यातलं तेल सिलिंडरमध्ये राहिलेलं असतं. पिस्टनच्या दाबाने हवा तापते आणि ते पेटतं, डिझेल इंजिनात पेटतं तसंच. तीसेक छर्ऱ्यांनंतर आवाज खाली आला. तोवर ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या छर्ऱ्यांचा पसारा, मोजू नये हे माहीत होतं, तरी मोजलाच. तळहाताएवढा.

पुढचा आठवडा मी वाया घालवला. आम्ही सगळे जत्रेतल्या फुग्यांवर शिकलेलो. तिथली बंदूक वाकडीच असते, त्यामुळे फुगा चुकला की दोष तिचा आणि पुढचा नेम दोन बोटं डावीकडे. तीच खोड इथे आली. पाच छर्रे मारायचे, मागच्या साईटचा, म्हणजे नेम धरायच्या खाचेचा, स्क्रू फिरवायचा, पुन्हा पाच. साईट फिरवल्याने ग्रुप सरकतो, लहान होत नाही, एवढं साधं गणित डोक्यात शिरायला शंभर छर्रे गेले. मग तांदळाच्या पिशवीवर बंदूक टेकवली, हलणारच नाही म्हणून. ग्रुप आणखी फुटला!

स्प्रिंगची बंदूक दोन धक्के देते. पिस्टन पुढे सुटताना बंदूक मागे येते, पिस्टन टोकाला थांबताना ती पुढे जाते, आणि या सगळ्या गडबडीत छर्रा अजून नळीतच असतो. तिला आवळलं किंवा कडक वस्तूवर टेकवलं की ती दर वेळी वेगळी उडते. तिला हवं तसं हलू द्यायचं, फक्त प्रत्येक वेळी सारखंच. आता डावा तळहात उघडा ठेवून, बोटं न मिटता, पुढचा लाकडी भाग त्यावर नुसता ठेवतो. खांद्यालाही जेमतेम टेकवतो. निशाण्याच्या चौथ्याच कार्डावर पाच छर्रे कॅरमच्या सोंगटीखाली झाकले गेले. ऑलिम्पिकच्या दहा मीटर रायफलमध्ये दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो हे माहीत आहे, पण माझी सोंगटी मला गोड.

दोनशेच्या आसपास ग्रुप एकाएकी आडवा पसरला. या वेळी हात निर्दोष. कुंद्याचे पुढचे दोन्ही स्क्रू सैल झालेले, धक्क्यांनी होतातच. आता पन्नास छर्ऱ्यांमागे एकदा तपासतो.

छर्रे दोन वजनांचे आणले, सात आणि साडेआठ ग्रेनचे. माझ्या नळीला जड मानवतात. सपाट तोंडाचे घेतले तर कार्डाला स्वच्छ गोल भोक पडतं, मोजायला बरं. शिशाचा काळा हात धुतल्याशिवाय चहाला शिवायचं नाही, हा काकीचा नियम. खाडीच्या दमट हवेत नळीवर दोन दिवसांत तांबूस ठिपके दिसले, म्हणून रोज तेलाचा बोळा बाहेरून.

दुर्बीण एवढ्यात लावणार नाही. पुढे-मागे असा उलटा धक्का साध्या दुर्बिणीला सोसत नाही, एअरगनसाठी बनवलेलीच लागते. ती महाग.

एक कोडं शिल्लक आहे. सकाळचे पहिले दोन छर्रे नेहमी उजवीकडे वर जातात, तिसऱ्यापासून ठीक. बंदूक थंड असते म्हणून की मी झोपेत असतो म्हणून? उद्यापासून आधी दोन छर्रे वेगळ्या कार्डावर मारून बघतो.