४१ एल्म, त्यातली २९ अ‍ॅश

शनिवारी एका झाडाखाली ३१ पिवळ्या मोरेल्स (वसंतात उगवणारी रानातली अळंबी) मिळाल्या. एकाच झाडाखाली. मागच्या तीन वसंतांची सगळी मिळून बेरीज २६ होती, आणि त्यातल्या ९ तर 'अर्ध्या' जातीच्या, म्हणजे हातभर दांडा आणि वर इवलीशी टोपी. चार परतल्या तरी चमचाभर होत नाहीत. त्यामुळे हे लिहिताना सूर जरा फुशारकीचा लागला तर सांभाळून घ्या. पण फुशारकी फक्त दोन तासांची आहे. त्याआधीचा दीड महिना स्वतःच्या मूर्खपणाचा पंचनामा करण्यात गेला, आणि तुमच्या कामाचा तो पंचनामाच आहे.

माझी यादी जुन्या वाचकांना आठवत असेल, मोरेल मेलेल्या एल्म झाडांखाली शोधायच्या या हिशेबाने केलेली. मिशिगनमधल्या पिंक्नी आणि वॉटरलू या दोन्ही जंगलांत मिळून फोनच्या नकाशात टाचण्या मारून ठेवलेली ४१ 'मेलेली एल्म'. (नेमकी कुठे ते विचारू नका, एकाने विचारून झालंय.) दर मे महिन्यात या टाचण्यांना प्रदक्षिणा घालायची आणि रिकामी पिशवी घेऊन घरी यायचं. चार इंच खाली जमीन ५० अंश फॅरनहाइटच्या वर, दोन दिवसांपूर्वी पाऊस, ट्रिलियम फुललेली, मेॲपलच्या छत्र्या उघडलेल्या, ओकची पानं उंदराच्या कानाएवढी. मुहूर्त जुळलेला आणि नवरदेवाचाच पत्ता नाही. गेल्या वर्षी मी इथेच लिहिलं होतं की मिशिगनच्या या कोपऱ्यातली मोरेल संपत आली असावी. ते वाक्य मागे घेतो.

झालं असं की मार्चअखेरीस शेजारच्या आजोबांनी अंगणातलं एक वाळलेलं झाड पाडून घेतलं आणि ओंडके फोडायला मला बोलावलं. मी जोर लावून कुऱ्हाड घातली, ती आत रुतली आणि तिथेच राहिली. पुन्हा घातली, पुन्हा तेच. लाकूड फुटत नाही, नुसतं दोरखंडासारखं पिंजतं. आजोबा हसले. म्हणाले, एल्म आहे, रेषा एकमेकींत विणलेल्या असतात, याला यंत्रच पाहिजे. मी त्या सालीकडे बघत राहिलो. कारण माझ्या ४१ एल्मची साल अशी नव्हती.

त्यांनी सालीचा एक तुकडा मोडून कड दाखवली. फिकट, तपकिरी, फिकट, तपकिरी, एकावर एक पदर, रंगीत चिरोट्यासारखे. अमेरिकन एल्मची हीच खूण. अ‍ॅश या दुसऱ्या झाडाच्या सालीत हे पदर नसतात, ती मोडली की आतबाहेर एकसारखी. बाहेरून मात्र दोन्हीवर उभ्या भेगांची जाळी असते, आणि झाड मरून पाचदहा वर्षं झाली, बारीक फांद्या गळून गेल्या की लांबून दोन्ही सारखीच दिसतात. मला तरी दिसली. तीन वर्षं.

पुढच्या रविवारी चाकू घेऊन सगळ्या टाचण्या पालथ्या घातल्या. ४१ पैकी २९ अ‍ॅश निघाली. संध्याकाळी घरी येऊन जाळीची पिशवी गॅरेजमध्ये भिरकावली ती दहा दिवस उचलली नाही. बायकोने एवढंच विचारलं, "म्हणजे तीन वर्षं तू चुकीच्या घराची बेल वाजवत होतास?"

खरं तर हे मला आधीच सुचायला हवं होतं. हिरवा अ‍ॅश-भुंगा (याच्या अळ्या अ‍ॅशची झाडं पोखरून मारतात) अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो २००२ मध्ये, इथेच, डेट्रॉइटच्या आसपास. म्हणजे मी फिरतो ती जंगलं त्या साथीच्या अगदी तोंडाशीच होती. इथे मोठं मेलेलं झाड दिसलं की आधी अ‍ॅशचाच संशय घ्यायचा. जुनी मंडळी सांगतात की ती झाडं मरत होती तेव्हा त्यांच्याखालीही चांगल्या मोरेल्स निघायच्या. पण ती मेजवानी उठून जमाना झाला, आणि मी रिकाम्या पंगतीत ताट घेऊन बसलो होतो.

आता ओळखायचं कसं, ते नीट लिहितो, म्हणजे निदान तुमची तीन वर्षं वाचतील. पहिली खूण सालीची कड, ती वर सांगितली. पण लाल एल्म मध्ये येऊन गोंधळ घालतं, त्याच्या सालीत ते फिकट पदर नसतात, सगळी तपकिरीच. म्हणून नुसत्या सालीवर निकाल देऊ नका. बारीक फांद्या शिल्लक असतील तर त्या बघा: अ‍ॅशच्या समोरासमोर जोडीने फुटतात, एल्मच्या आळीपाळीने, एक इकडे एक तिकडे. आणि सगळ्यात भरवशाचं म्हणजे सुटलेल्या सालीच्या आतली बाजू. अ‍ॅशमध्ये अळीने कोरलेला रस्ता नागमोडी असतो, आणि बाहेर इंग्रजी 'डी'च्या आकाराची बारीक भोकं. एल्मच्या सालीखाली गोम चिकटून मेल्यासारखं चित्र दिसतं, मधे एक बोगदा आणि दोन्ही बाजूंनी फुटलेले बारीक पाय. नाग दिसला तर पुढे चला, गोम दिसली तर थांबा. एवढं लक्षात ठेवा.

उरली १२. त्यातली ८ पार बोडकी, सालीचा कपटाही नाही. ती आणखी दहा वर्षं उभी राहतील, पण त्यांच्याखाली काही मिळायचं नाही, त्यांचा मोसम कधीच होऊन गेला. दोघांची साल सुटत चाललेली, दोघांची अजून घट्ट. म्हणजे ४१ चे झाले ४. या चारांवर मेच्या पहिल्या आठवड्यात तीन फेऱ्या मारल्या. हिशेब असा: शून्य, सहा, शून्य, शून्य. सहा करड्या, अंगठ्याएवढ्या, साल सुटत चाललेल्या एकाखाली. आनंद झाला, नाही असं नाही. पण मग बाकीच्या तिघांचं काय, हे काही कळेना.

आणि शनिवारी ते झाड. यादीत नव्हतंच. चार तास फिरून पाय दुखायला लागले म्हणून एका बुंध्याला टेकून डबा उघडला. पोळीवर हिरवी, चपटी, कागदासारखी गोल चकती येऊन पडली. मग आणखी एक. एल्मचं बी! एल्म पानं नीट उघडण्याआधीच बी धरतं आणि मेमध्ये ते वाऱ्यावर सोडून देतं, हे मी याच वर्षी वाचलं होतं. मान वर केली तर झाडाची एक बाजू बियांनी हिरवीगार आणि दुसरी बाजू खडखडीत वाळलेली, पण बारीक काड्यांसकट शाबूत. अर्धं जिवंत झाड. मान खाली केली तर बुटापासून वीतभर अंतरावर पिवळी, मुठीएवढी. तिच्यामागे दोन. मग त्या पालापाचोळ्यात नजर बसली आणि एकेक दिसू लागल्या, मधमाश्यांची छोटी छोटी पोळी कुणीतरी उभी करून ठेवावीत तशा. डबा तसाच राहिला. गुडघ्यांवर बसून झाडाभोवती दोन चकरा मारल्या. मोजल्या, पुन्हा मोजल्या. ३१.

म्हणजे मी मेलेली झाडं शोधत होतो आणि शोधायला हवी होती मरणारी. हे तुम्हाला माहीत असेल, सगळीकडे लिहिलेलंच असतं. पण माझ्या डोक्यात अडथळा होता तो वेगळाच. मी सावंतवाडीकडचा. आमच्याकडे अळंबी म्हणजे वारूळ. आषाढात काका पहाटे कंदील घेऊन निघायचे, धोतराच्या सोग्यात अळंबी घेऊन परतायचे, आणि कुठे गेला होतात विचारलं की "खंय नाय, असाच". त्यांची वारुळं ठरलेली होती. वाळवी जमिनीखाली बुरशीची शेती करते, शेत असतं तिथेच असतं, म्हणून दर पावसाळ्यात त्याच जागी कोंब येतो. जागा जपायची, मुलालासुद्धा मरायच्या आधीच सांगायची. मी तेच इथे करत होतो, जागांची वही राखत होतो. पण एल्मची जागा दोनतीन वसंतांत संपते. झाड मरायला लागलं की एकदोन वर्षं भरभरून, मग साल गेली की खेळ खलास. माझी वही मुळात जागांची नव्हे, झाडांच्या दुखण्यांची असायला हवी होती. सुदैवाने (एल्मच्या दुर्दैवाने) हे दुखणं थांबत नाही. डच एल्म रोग या देशात १९३० मध्ये ओहायोत दिसला तो अजून आहेच. बी पटकन धरतं म्हणून कोवळी एल्म उगवत राहतात, बुंधा जरा भरला की भुंगे रोग घेऊन येतात.

इथपर्यंत लिहिलं आणि एक गोष्ट डोक्यात आली. मग मेमध्ये कशाला शोधत बसायचं? एल्मला रोग लागला की जून-जुलैमध्ये एखादीच फांदी पिवळी पडते, बाकी झाड हिरवं. त्या वेळी जंगलात मोरेलवाला एकही नसतो, डास असतात. तेव्हा फिरून अशी पिवळ्या फांदीची झाडं टिपून ठेवली तर पुढच्या वसंताची यादी आयती तयार. नकाशात आता तीन रंग: हिरवा म्हणजे एक फांदी पिवळी, केशरी म्हणजे अर्धं वाळलेलं, लाल म्हणजे साल सुटतेय. बोडकी पुसून टाकायची. शिवाय गाडीतून जाता जाता रस्त्याकडेची एल्म जास्त सहज दिसतात, तिथलं तोडायचं नाही (फवारण्या, गाड्यांचा धूर), पण रोग कोणत्या भागात पसरतोय ते कळेल. याच कारणाने जुन्या सफरचंदाच्या बागांचाही नाद मी सोडलाय. तिथे मोरेल येतात खऱ्या, पण एके काळी त्या बागांवर लेड आर्सेनेट मारायचे आणि शिसं-आर्सेनिक मातीतून कुठे जात नाही.

ग्रेलिंगची सहल त्यामुळे रद्द. राज्याचं खातं जळलेल्या जंगलांचा नकाशा देतं, त्यावर जॅक पाइनचा एक जळका पट्टा हेरून ठेवला होता, काळ्या मोरेल्ससाठी. पण तीन तास जायचं, तीन तास यायचं, आणि तिथे आपल्यासारखे शंभर. त्यापेक्षा इथेच दुर्बीण घेऊन शेंडे बघत फिरेन. दुर्बीण! हे आधी का सुचलं नाही? वाळलेली बाजू वरच असते आणि मी तीन वर्षं मान खाली घालून चालतोय.

अवजारांबद्दल थोडं. मातीचा तो गोल तबकडीचा थर्मामीटर घेऊ नका, काटा स्थिर होईपर्यंत चहा होतो. स्वयंपाकघरातला मांसात खुपसायचा डिजिटल बरा. आमचा आता कायमचा गाडीत गेला आहे आणि त्यावरून घरात बोलणी चालू आहेत. मागच्या टोकाला ब्रश असलेला खास चाकू घेतला होता, त्याचा ब्रश दुसऱ्याच फेरीत केस गाळायला लागला. रंगाचा एक इंची ब्रश घ्या. पिशवीसाठी देशी दुकानातली दहा पाउंड कांद्याची लाल जाळी, फुकट. जाळीतून बीजाणू पडून पुढच्या वर्षी पीक येतं हे मला काही पटत नाही, पण मोरेल्स चुरडत नाहीत हे खरं. कापायची की उपटायची या भांडणात मी पडत नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९७५ ते २००३ जंगलातल्या अळंब्यांवर हे मोजून पाहिलं, दोन्हींनी फरक पडला नाही, उगवण कमी झाली ती पायांनी तुडवल्याने. आणि पँटला पर्मेथ्रिन (गोचिडी मारणारं औषध) मारा. मी एकदा विसरलो, तर गोचिडी घरी घेऊन आलो.

यंदा पहिल्यांदाच सोबत आलेल्या मित्राने एप्रिलमध्येच 'मोठी मोरेल' म्हणून जे आणलं होतं ते तांबूस, मेंदूसारख्या वळ्यांचं होतं. उभं चिरलं, आत कप्पे आणि कापसासारखा गर. जायरोमित्रा, विषारी 'खोटी मोरेल'. फेकून दिलं. पुन्हा एकदा: उभी चिरायची, टोकापासून बुडापर्यंत एकच पोकळी हवी, टोपीची खालची कड दांड्याला जुळलेली हवी ('अर्ध्यां'ची कड तेवढी सुटी असते, पण पोकळी एकच). आणि खरी मोरेलही कच्ची खायची नाही. २०२३ मध्ये मॉन्टानात बोझमनच्या एका हॉटेलात कच्च्या-अर्धकच्च्या मोरेल्स खाऊन ५१ जण आजारी पडले, दोघे गेले. मी निदान दहा-बारा मिनिटं परततो.

३१ पैकी १२ वाळवायला लावल्या. बाकीच्या लोणी, लसूण, भरड मिरी. आधी मिठाच्या पाण्यात भिजवायचा प्रकार मी बंद केलाय, किडे निघतात पण मोरेलचा लगदा होतो. एक वाटी हट्टाने कांदा-खोबऱ्याच्या वाटणात करून पाहिली, अळंबीची भाजी करतात तशी. वाटण छान झालं होतं, मोरेल कुठे गेली ते कळलंच नाही. लोण्यात परतलेल्या मोरेल्स तांदळाच्या भाकरीबरोबर खाल्ल्या. आईला व्हिडिओवर दाखवल्या तर म्हणाली, "असली भोकाभोकाची कोण खाता?"

मंगळवारी रात्री पाऊस आहे. त्या अर्ध्या झाडाच्या हिरव्या बाजूला मी शनिवारी नीट बघितलंच नाही, सगळ्या वाळलेल्या बाजूलाच होत्या. बुधवारी ऑफिसच्या साडेनऊच्या मीटिंगआधी जाऊन येतो. दुर्बीण मुलाच्या खोलीत आहे, ती विचारून घ्यायची आहे.