दुपारची झोप धरून आखलेली सहल

आमच्या इंदूरच्या घरात सहलीचा एक ठरलेला साचा आहे. पहाटे चारला गजर, पाचला गाडी दारात, मग ओंकारेश्वर, महेश्वर, मांडू एकाच दिवसात, आणि रात्री थेट सराफ्याच्या खाऊबाजारात उतरून भुट्ट्याचा कीस. सासरे हे वेळापत्रक अजून अभिमानाने सांगतात आणि मोठ्या माणसांसाठी ते वाईट नाहीच. आमच्याबरोबर मात्र चार वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा होता. म्हणून नकाशा उघडायच्या आधी मी एका वहीत मुलांचा दिवस लिहायला घेतला.

आठवडाभर फक्त वेळा लिहिल्या. धाकटा साडेसहाला उठतो, साडेबाराला डोळे चोळायला लागतो, आणि एकच्या आत झोपला नाही तर रात्रीपर्यंत कोणाचंच खरं नाही. थोरली ‘मी आता दुपारी झोपत नाही’ असं पाहुण्यांनासुद्धा सांगते, पण गाडीत बसवली की पेट्रोल पंप यायच्या आत मान टाकते. म्हणजे साडेबारा ते अडीच ही वेळ दोघांचीही झोपेची. इंदूर ते महेश्वर साधारण ९० किलोमीटर, दोन तासांचा रस्ता. हिशोब आपोआप जुळला. दुपारी जेवून निघायचं, मुलं झोपेत पोचतील.

सासूबाईंना हे मुळीच पटलं नाही.

“भर दुपारी निघायचं? अगं, माणसानं उन्हाच्या आत पोचावं.”

“आई, डिसेंबरचं ऊन आहे. आणि सकाळी तुमची पूजा, नैवेद्य, सगळं निवांत होईल. पहाटे कुडकुडत आंघोळ नको.”

आंघोळीच्या मुद्द्यावर त्या विरघळल्या. खरं सांगायचं तर उशिरा निघण्याचा मोठा फायदा हाच होता. घरातली सकाळ नेहमीसारखी गेली. मुलं आपल्याच ताटात वरणभात जेवली, शी-शू घरीच झाली, आणि गाडीत बसताना कोणी कोणावर खेकसलं नव्हतं.

वेळ धरून निघण्यामागे घाटाचंही कारण होतं. महू सोडलं, मानपूर आलं की रस्ता माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे आणि महेश्वर त्याच्या बरंच खाली, नर्मदेच्या काठावर. थोरलीला वळणांचा त्रास होतो. गाडी लागण्याचं कारण डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं होतं. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला गाडी वळतेय हे कळतं, पण डोळ्यांसमोर पुढच्या सीटची पाठ स्थिर असते, आणि या दोन बातम्या मेंदूला जुळवता येत नाहीत. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त होतो; दोनच्या आतल्यांना क्वचितच. डोळे मिटलेले असले की भांडणातला एक पक्षच गप्प होतो. त्यामुळे घाट झोपेत उतरला तर उत्तम, आणि मूल जागं असेल तर त्याला समोरच्या काचेतून लांबचा रस्ता दिसेल असं बसवायचं. मोबाइल नाही, चित्रांचं पुस्तक नाही. औषधाबद्दल आमच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं की काही मुलं त्याने झोपण्याऐवजी उलट चेकाळतात, म्हणून द्यायचंच असेल तर विचारून, आणि आधी एकदा घरी देऊन बघायचं. आम्ही दिलं नाही.

जेवण हलकं ठेवलं. निघताना दूध नाही, तळलेलं नाही. बरोबर सासूबाईंनी दशम्या केल्या होत्या, दुधात कणीक भिजवून, थोडा गूळ घालून. त्या दोन दिवस मऊ राहतात, हाताला चिकटत नाहीत आणि मूल स्वतः धरून खातं. बाजारातल्या बिस्किटांपेक्षा माझा यांच्यावर जास्त विश्वास आहे. मोठ्यांसाठी सेव होतीच. इंदुरी माणूस सेव न घेता वेशीजवळचं राऊसुद्धा ओलांडत नाही.

गाडीतल्या खुर्च्यांवरून दुसरा वाद. लहान मुलांची वेगळी सीट मागच्या सीटला पट्ट्याने नीट बांधून त्यात बसवायची, हे सासूबाईंना क्रूर वाटत होतं. “लेकरू मांडीवर असतं ना, त्याला खुर्चीला काय बांधायचं?” मी त्यांना कायदा सांगितला: २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब नुसार १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा मुलांच्या सीटशिवाय नेलं तर १००० रुपये दंड आहे. दंडाच्या आकड्यापेक्षा नवऱ्याने केलेला खुलासा जास्त कामी आला. जोरात ब्रेक लागला तर मांडीवरचं मूल हातात धरून राहत नाही, कितीही घट्ट धरलेलं असो. मग त्या गप्प बसल्या, पण मानपूरपर्यंत धाकट्याचा पाय हातात धरून होत्या. सीटची सवय मात्र घरीच लावावी लागते. आम्ही सहलीच्या आधी भाजी आणायला, मामाकडे रामबागेत जायला, सगळीकडे तीच सीट वापरली होती. एकदम घाटाच्या दिवशी बसवलं असतं तर दोन तास रडारड झाली असती.

मानपूरच्या आधी एक थांबा घेतला. थोरली अर्धवट झोपेत होती, तरी तिला उठवून शू करवली. घाटात कोंडी झाली तर थांबायला जागा नसते आणि ट्रकांची रांग लागली की कोणी कोणाचं ऐकत नाही. पुन्हा गाडी सुरू झाली तशी ती पुन्हा झोपली. धामनोदला वळलो तेव्हा दोघं गाढ झोपेत, घामाने ओली. इंदुरातून स्वेटर घालून निघालेलं मूल निमाडात उकडतं हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. वरचे थर सहज काढता येतील असेच कपडे हवेत, डोक्यावरून ओढायचे नकोत.

हॉटेलला फोन करून मी आधीच विचारलं होतं: खोली तळमजल्यावर मिळेल का, सज्जाला कठड्याच्या सळ्या किती जवळ आहेत, गरम पाणी कोणत्या वेळेला असतं, बिनमिरचीची पातळ खिचडी रात्री साडेसातला मिळेल का. “साडेसात बजे तो कोई खाता ही नहीं, मॅडम,” असं उत्तर आलं. पण दिली. मुलांचं जेवण आठच्या आत आटोपलं की मोठ्यांनाही नीट जेवता येतं.

महेश्वरला दोन रात्री राहिलो आणि रोज एकच मोठी गोष्ट ठरवली. पहिली संध्याकाळ नर्मदेच्या घाटावर. अहिल्याबाईंनी बांधलेले हे घाट सुंदर आहेत, पण लहान मुलांच्या दृष्टीने तिथे दोन धोके: पायऱ्या उंच आहेत आणि पाण्यालगतच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. शिवाय वरच्या धरणांतून पाणी सोडलं की नर्मदेची पातळी वाढते. आम्ही एक पद्धत ठेवली. एका मुलामागे एक मोठं माणूस, आणि मूल हातातून हातात जाताना तोंडाने बोलायचं: “धाकटा आता तुझ्याकडे.” समोरच्याने “माझ्याकडे” म्हटल्याशिवाय हात सोडायचा नाही. सासऱ्यांना हे पोलीस चौकीसारखं वाटलं, पण चार मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याचं लक्ष आहे, आणि पाण्याजवळ हाच खरा धोका.

नावेत बसण्याआधी लाइफ जॅकेट मागितलं. मोठ्यांची होती, थोरलीला दोर आवळून बसेल असं एक मिळालं, धाकट्याच्या मापाचं नव्हतं. मग मी आणि तो काठावर राहिलो, बाकीचे नदीच्या मधल्या बाणेश्वराला जाऊन आले. सगळ्यांनी सगळं करायचं हा हट्ट सोडला की निम्मी चिडचिड संपते. मला तर घाटावर भेळ खात बसायला मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाड्यात गेलो. अहिल्याबाईंच्या काळापासून चालत आलेलं लिंगार्चन तिथे अजून रोज होतं: मातीची लहान लहान शिवलिंगं करून पाटावर मांडायची, पूजा करायची आणि नर्मदेत सोडायची. थोरली तिथून हलायला तयार नव्हती. गादी, तलवारी, चित्रं यांतलं तिला काही नको होतं; देवपूजेत मातीचे गोळे करायला मिळतात हीच तिच्यासाठी मोठी बातमी. विणकरांकडे माग बघायलाही गेलो. धोट्याची खटखट ऐकून धाकटा टाळ्या वाजवायला लागला, पण दहा मिनिटांत त्याला तेच सूत तोंडात घालायचं होतं, म्हणून बाहेर. साडी सासूबाईंनी सावकाश निवडली. साडेबाराला परत खोलीत, पडदे ओढून झोप. संध्याकाळ पुन्हा घाटावर, त्याच पायऱ्यांवर. नवऱ्याचं म्हणणं होतं सहस्रधारेला जाऊन येऊ. तिथले निसरडे खडक आणि वेगाचं पाणी डोळ्यांसमोर आणून मी नको म्हटलं.

तिसऱ्या दिवशी मांडू, ४० किलोमीटरच्या आसपास. हा प्रवास सकाळचा होता, मुलं ताजीतवानी, आणि रस्ता चढाचा. इथे वहीतला हिशोब चालणार नव्हता हे माहीत होतं, म्हणून तयारी ठेवली होती. पिशव्या, ओला पंचा, एक जोडी कपडे सीटखालीच, डिकीत नाही. थोरली जागी होती, अर्ध्या चढावर तिचा चेहरा पांढरा झाला, जांभया सुरू झाल्या. मुलांमध्ये उलटीच्या आधी हीच खूण असते. चार वर्षांचं मूल ‘मळमळतंय’ म्हणत नाही, ‘पोटात कसंतरी’ म्हणतं किंवा काहीच म्हणत नाही. गाडी थांबवली, उतरवली, तरी उलटी झालीच. तोंड धुतलं, पाच मिनिटं झाडाखाली उभी राहिली आणि मग म्हणाली, “आता दशमी दे.” आम्ही अर्धा तास फक्त घोट घोट पाणी दिलं. ओआरएसची पाकिटं बरोबर होती, लागली नाहीत. लागली असती तर पाकिटावर लिहिलेल्या मापाचंच पाणी घ्यायचं, एका लिटरचं अख्खं पाकीट ग्लासभर पाण्यात ढकलायचं नाही, हे प्रत्येक आजीला सांगायला हवं. आमच्याकडे सांगून झालं आहे.

मांडूत बघण्यासारखं इतकं आहे की लहान मुलांना घेऊन गेलेल्याने आधी कात्रीच हातात घ्यावी. आम्ही दोन ठिकाणं धरली: जहाज महाल आणि ईको पॉइंट. जहाज महाल मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मधोमध आहे, मोकळी हिरवळ आहे, पळायला जागा आहे. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं, त्यामुळे मुलं अर्ध्या तासात कंटाळली तरी पैसे वाया गेल्याचं दुःख नाही. गच्चीवर मात्र धाकट्याला कडेवरच घेतलं. ईको पॉइंटला थोरलीने स्वतःचं नाव इतक्या वेळा ओरडून ऐकलं की शेजारच्या कुटुंबातल्या लोकांनाही ते पाठ झालं असेल.

नवऱ्याला रूपमती मंडप हवाच होता. तो आणि सासरे वर चढून गेले, हवा स्वच्छ असेल तर तिथून नर्मदा दिसते म्हणतात, त्यांना धुकंच दिसलं. आम्ही बाकीचे खाली खुरासानी चिंचेच्या, म्हणजे गोरखचिंचेच्या, झाडाखाली चादर पसरून बसलो. त्याचं खोड एवढं जाड की मुलांना लपाछपीला तेवढंच पुरलं. साडेबारा वाजता मऊ भात खाऊन सगळे गाडीत, आणि धारमार्गे इंदूर. दोघंही धारच्या आधीच झोपली.

हीच वही आम्ही नंतर रेल्वेला लावली, मुंबईला मावशीकडे जाताना. अवंतिका रात्रभराची गाडी, म्हणजे झोप आपोआप आत येते, पण तिथे नियम माहीत हवेत. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला बर्थ हवा असेल तर २०१६पासून पूर्ण भाडं, बर्थ नको असेल तर अर्धं. मधला बर्थ उघडण्याची वेळ रात्री दहा ते सकाळी सहा. मुलं साडेआठला झोपणारी, म्हणून गाडी सुटताच समोरच्या काकांना विचारून ठेवलं. ते आनंदाने वर जाऊन झोपले. मूल भिंतीकडे, आई कडेला. गाडीतल्या प्लगवर किटली लावायला बंदी आहे, त्यामुळे दुधासाठी गरम पाणी घरूनच थर्मासमध्ये.

एक गोष्ट वहीत शेवटच्या पानावर लिहिली आहे, ती मात्र ठळक. परतल्यानंतरचा दिवस मोकळा ठेवायचा. शाळा नाही, पाहुणे नाहीत, ‘कशी झाली सहल’ म्हणून कोणाकडे चहाला जाणं नाही. धुण्याचं मशीन दोनदा चालतं, सकाळी कोपऱ्यावरून जीरावन मसाला घातलेले पोहे येतात, आणि साडेबाराला सगळं घर झोपतं. सासरेसुद्धा.